चिठ्ठीत नसलेला इशारा

वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर अग्रलेख लिहावयाचा तो एखादे मंत्रिमंडळ कोसळले म्हणजे, युद्ध पेटले म्हणजे किंवा राष्ट्राचा एखादा थोर पुरुष दिवंगत झाला म्हणजे, अशी आमच्या व्यवसायाची जुनी रीत आहे. औषधाच्या गोळीला हा मान सहसा मिळत नाही. ती रीत मोडून आज आम्ही ही जागा सोडियम व्हॅल्प्रोएट ह्या अपस्मारावरील औषधाला देत आहो. ह्या औषधाने असंख्य रुग्णांचे झटके थांबविले, त्यांना शाळेत, कचेरीत आणि चारचौघांत परत आणून बसविले. ह्याच औषधाने गेल्या अर्धशतकात हजारो मुलांना ती जन्मण्यापूर्वीच अपाय केला. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आणि त्यांपैकी दुसरी गोष्ट जिला सर्वांत आधी कळावयास हवी तिलाच ती सर्वांत शेवटी कळते, ही आमची तक्रार आहे.

अपस्मार हा आडरानातला आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे ५ कोटी माणसांना तो आहे, आणि आपल्या देशातील रुग्णांची संख्या एक कोटीच्या वर असावी असा जाणकारांचा अंदाज आहे. फेफरे, मिरगी, आकडी, फिट अशी त्याची नावे घरोघर ठाऊक आहेत. रस्त्यात कोणी कोसळला की त्याच्या नाकाशी कांदा किंवा वहाण धरणारे सद्‍गृहस्थ आजही धावत येतात, आणि त्यांत पदवीधरांची संख्या कमी नसते! रुग्णाला कुशीवर वळवावे, दातांत चमचा घालू नये, झटका पाच मिनिटांहून अधिक लांबल्यास तडक रुग्णालय गाठावे, एवढे साधे ज्ञानही जेथे पसरलेले नाही, तेथे औषधाच्या दुष्परिणामांविषयी लोकांना काय ठाऊक असणार? पण ह्याच कारणास्तव ते सांगितले पाहिजे.

ह्या औषधाचा जन्म मोठा योगायोगाचा आहे. १८८२ साली बेव्हर्ली बर्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने व्हॅल्प्रोइक आम्ल तयार केले. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षे ते प्रयोगशाळेत इतर द्रव्ये विरघळविण्याच्या कामी येणारे एक निरुपद्रवी द्रव मानले जात होते. १९६२ च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रनोब्ल येथे पिएर एमार हा तरुण संशोधक काही नवी द्रव्ये ह्या द्रवात विरघळवून त्यांची परीक्षा करीत होता. जे द्रव्य घ्यावे ते आकडीवर गुणकारी ठरू लागले. अखेर लक्षात आले ते असे, की गुण द्रव्यांचा नसून ज्यात ती विरघळविली त्या द्रवाचा आहे. १९६७ साली ते फ्रान्समध्ये औषध म्हणून विक्रीस आले, पुढील दशकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये आणि १९७८ साली अमेरिकेत. त्यापूर्वीचे सारे काही अपुरे होते. एकोणिसाव्या शतकातील ब्रोमाइड माणसाला सुस्त करी, १९१२ पासून वापरात आलेले फेनोबार्बिटोन गुंगी आणी, १९३८ मधील फेनिटॉइन हिरड्या सुजवी. त्यांच्या तुलनेने हे नवे औषध वरदान वाटले, आणि पुष्कळ अंशी ते वरदान होतेही. सर्वांगाला येणाऱ्या झटक्यांच्या काही प्रकारांत, विशेषतः वयात येताना सुरू होणाऱ्या एका प्रकारात, त्याच्याइतके गुणकारी औषध दुसरे नाही, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या तुलनात्मक अभ्यासातही पुन्हा दिसून आले. त्या अभ्यासात लेव्हेटिरॅसिटॅम हे नवे आणि लोकप्रिय औषध व्हॅल्प्रोएटच्या मागे पडले.

पहिली धोक्याची घंटा १९८२ साली फ्रान्समधीलच लिओं शहरातून वाजली. गरोदरपणात हे औषध घेतलेल्या स्त्रियांच्या अर्भकांत पाठीचा कणा दुभंगलेला असण्याचे प्रमाण फार मोठे आहे, असे एलिझाबेथ रोबेर ह्या संशोधिकेने दाखवून दिले. पुढे टाळू दुभंगणे, हृदयाचे व अवयवांचे दोष ह्यांची भर पडली. चाळीसहून अधिक देशांतील सात हजारांवर गर्भारपणांची नोंद ठेवणाऱ्या ‘युरॅप’ ह्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीचे आकडे २०१८ साली प्रसिद्ध झाले, ते वाचकांनी नीट पाहावेत. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या बालकांत मोठे जन्मजात दोष शेकडा १०.३ होते, फेनोबार्बिटोनच्या बाबतीत ६.५, फेनिटॉइनच्या ६.४, कार्बामाझेपिनच्या ५.५, आणि लॅमोट्रिजिन व लेव्हेटिरॅसिटॅम ह्यांच्या बाबतीत अनुक्रमे २.९ व २.८. कोणतेही औषध न घेणाऱ्या सर्वसामान्य मातांतही हे प्रमाण शेकडा दोन-तीन असतेच. मात्रा जशी वाढे तसा व्हॅल्प्रोएटचा धोका चढे. दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत तो शेकडा ६.३, त्यापुढे १४५० पर्यंत ११.३, आणि त्याहूनही अधिक मात्रेस २५.२, म्हणजे चारांतील एक मूल.

डोळ्यांना दिसणारे दोष तरी सोनोग्राफीत सापडतात. बुद्धीला बसणारा धक्का कोणत्याही यंत्रात दिसत नाही. मूल गुटगुटीत जन्मते, घरात पेढे वाटले जातात. आणि मग दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, शाळेत एका जागी बसत नाही, इतरांत मिसळत नाही. अमेरिका व ब्रिटन येथे अशा मुलांचा सहा वर्षांच्या वयापर्यंत पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. कार्बामाझेपिन घेणाऱ्या मातांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक १०५ व लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांच्या मुलांचा १०८ भरला, तर व्हॅल्प्रोएटच्या गटाचा ९७. त्याच वर्षी डेन्मार्कमधील नोंदींवरून असे दिसले, की स्वमग्नतेचे विकार सर्वसाधारण मुलांत शेकडा १.५ तर गर्भावस्थेत व्हॅल्प्रोएटचा संपर्क आलेल्या मुलांत शेकडा ४.४ आहेत. वाढीचे लहानमोठे सारे दोष एकत्र धरले तर शंभरांतील तीस ते चाळीस मुलांना झळ पोचते, असे युरोपातील औषध-नियंत्रक सांगतात.

आता ह्या साऱ्या प्रकरणातील मर्माची गोष्ट. गर्भाचा पाठकणा आणि मेंदू ज्या नलिकेतून घडतो ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी मिटते. अठ्ठाविसाव्या दिवशी! त्या वेळी त्या स्त्रीची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ जणींना तोवर शंकाही आलेली नसते; आलीच तर ती सासूला सांगावी की नवऱ्याला, ह्या विचारात आणखी आठवडा जातो. आपल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेत गर्भवतीची नोंदणी बाराव्या आठवड्याच्या आत झाली म्हणजे ती वेळेवर झाली असे मानतात. इतर बाबतींत ते ठीकच आहे. परंतु ह्या गोळीच्या बाबतीत बाराव्या आठवड्यास डॉक्टरांनी कपाळाला हात लावून ‘ही गोळी कशी काय चालू आहे?’ असे विचारणे म्हणजे गाडी गेल्यावर फलाटावर घंटा वाजविण्यासारखे आहे. फॉलिक आम्लाच्या गोळ्या आधीपासून घ्याव्यात हे खरे. पण त्यांनी हा धोका नाहीसा होतो अशी समजूत कोणी करून घेऊ नये. इशारा द्यावयाचा तो गर्भ राहण्याआधी, लग्नाआधी, खरे म्हणजे वयात येणाऱ्या मुलीच्या हातावर पहिली गोळी ठेवताना. त्यानंतर दिलेल्या इशाऱ्याला आम्ही इशारा म्हणणार नाही. ती हळहळ आहे.

हा इशारा का दिला गेला नाही, ह्याचा इतिहास इतर देशांत शोधून काढला गेला आहे आणि तो वाचताना मन विषण्ण होते. ब्रिटनमध्ये १९७३ साली, म्हणजे औषध तेथे नुकतेच येत होते तेव्हा, औषध-सुरक्षा समितीच्या कागदपत्रांत ह्या वर्गातील औषधांपासून गर्भाला संभवणाऱ्या धोक्याची चर्चा झाली होती. ती माहिती डॉक्टरांसाठीच्या पत्रकात द्यावी, परंतु रुग्णांच्या हाती पडणाऱ्या खोक्यातील कागदावर ती छापू नये, कारण त्यायोगे रुग्ण विनाकारण धास्तावतील, असे तेथे ठरले. हे कागद सरकारी दफ्तरखान्यातून बाहेर येऊन लोकांसमोर यावयास चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या समितीतील माणसे दुष्ट होती असे आम्हांस वाटत नाही. ती सुशिक्षित, सुस्वभावी आणि हितचिंतक होती. रुग्णाच्या भल्याचे आपल्याला अधिक कळते असा त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. असा विश्वास आपल्याकडेही उदंड आहे, म्हणून त्या कागदांची आठवण आम्ही मुद्दाम करून देत आहो.

फ्रान्समध्ये हे कोंडलेले दार एका आईने उघडले. मारीन मार्तँ ह्या बाईंच्या दोन मुलांना ह्या औषधाचा अपाय झाला होता. त्यांनी २०११ साली पीडित कुटुंबांची संघटना उभारली, सरकारच्या मागे लागल्या, न्यायालयात गेल्या. तेथील सरकारी औषध-संस्थेने २०१७ मध्ये असा अंदाज प्रसिद्ध केला, की औषध बाजारात आल्यापासून फ्रान्समध्ये २,१५० ते ४,१०० मुले त्याच्यामुळे मोठे दोष घेऊन जन्मली. बुद्धी व वर्तनाच्या विकारांचा त्या संस्थेचा २०१८ मधील अंदाज १६,६०० ते ३०,४०० मुलांचा होता. २०२२ च्या जानेवारीत पॅरिसच्या न्यायालयाने उत्पादक कंपनीने सावधगिरीत व माहिती देण्यात कसूर केल्याचा निर्णय दिला. ब्रिटनमध्ये बॅरोनेस ज्युलिया कंबरलेज ह्यांच्या चौकशी समितीने २०२० च्या जुलैमध्ये अहवाल सादर केला. स्त्रिया वर्षानुवर्षे सांगत होत्या आणि आरोग्यव्यवस्था ऐकत नव्हती, हे त्या अहवालाचे सार. त्याआधी २०१८ पासून तेथे नियम करण्यात आला होता, की मूल होण्याच्या वयातील स्त्रीला हे औषध द्यावयाचे तर खात्रीची गर्भनिरोधक योजना असली पाहिजे, दर वर्षी तज्ज्ञाने तिला बोलावून फेरविचार केला पाहिजे आणि धोका समजल्याची तिची सही घेतली पाहिजे. २०२४ च्या जानेवारीपासून तर पंचावन्न वर्षांखालील कोणालाही, पुरुषालासुद्धा, हे औषध नव्याने सुरू करण्यास दोन तज्ज्ञांचे एकमत लागते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली मूल होण्याच्या वयातील स्त्रिया व मुली ह्यांना हे औषध देऊ नये असे स्पष्ट निवेदन काढले.

आणि आपल्याकडे? वाचकांनी एक साधे चित्र डोळ्यांपुढे आणावे. मुलगी चौदा वर्षांची आहे. सकाळी कपबशी हातातून उडते, मग एके दिवशी शाळेच्या प्रार्थनेत ती कोसळते. रुग्णालयाच्या बाह्य विभागात रांग लागलेली असते. डॉक्टर चांगले असतात, पण त्यांच्या टेबलाशी आणखी साठ माणसे उभी असतात. चिठ्ठी मिळते. झटके थांबतात. आई देवाला नारळ फोडते. पुढे गोळीची चिठ्ठी जुनी होते, मळते, घडीवर फाटते; पण औषधविक्रेता ओळखीचा असतो, तो दर महिन्याला दहा-दहा गोळ्यांच्या पट्ट्या देतो, आणि पैसे कमी असले तर कात्रीने पट्टी कापून चार गोळ्याही देतो. खोके दुकानातच राहते. खोक्यातला कागद, असलाच तर बारीक टायपात आणि इंग्रजीत, तोही दुकानातच राहतो. मुलगी पदवीधर होते, नोकरीला लागते, तिच्यासाठी स्थळे पाहू लागतात. ह्या आठ-दहा वर्षांत ‘ह्या गोळीवर असताना मूल होऊ देण्यापूर्वी मला भेट’ हे एक वाक्य तिला कोणी ऐकविलेले नसते. कोणा एका व्यक्तीचा हा अपराध नाही; डॉक्टर समजतो की पुढचा डॉक्टर सांगेल, पुढचा समजतो की मागच्याने सांगितले असेल, आणि प्रसूतितज्ज्ञाच्या मते तो मेंदूतज्ज्ञाचा प्रांत असतो.

ह्यापुढे जे घडते ते मात्र आमचे, म्हणजे सुशिक्षित मध्यमवर्गाचे, स्वतःचे कर्तृत्व आहे. मुलीचा आजार लपविला जातो. ‘लग्न झाले की जाईल सारे’ असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात. लग्नाच्या आठवड्यात गोळ्यांची डबी मामीच्या पिशवीत जाते. सासरी नव्या नवरीने रोज रात्री गोळी घेतली तर प्रश्न विचारले जातील, म्हणून ती एक दिवस घेते, दोन दिवस चुकविते. कपाटातील साड्यांच्या घडीत पट्टी दडविते. गर्भ राहिल्यावर प्रसूतिगृहात सासू बरोबर असते, तेव्हा ‘काही औषधे चालू आहेत का?’ ह्या प्रश्नाला ती ‘नाही’ असे उत्तर देते. ज्या क्षणी खरे बोलणे तिच्या व बाळाच्या जिवासाठी अगत्याचे असते, नेमके त्या क्षणी खरे बोलण्याची तिला चोरी असते. आमच्या कायद्यानेही ह्या भीतीला बराच काळ आधार दिला होता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या झटक्यांच्या पंक्तीला अपस्माराचे झटके बसविले गेले आणि तो विवाह रद्द ठरविण्याचा आधार बनला. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकण्यात आला. कायद्यातून शब्द गेला त्याला आता पाव शतक उलटले. दिवाणखान्यांतून तो अजून गेलेला नाही. पत्रिकेत छत्तीस गुण पाहणारे आपण, मुलीच्या गोळीचे नाव मात्र विचारीत नाही आणि तिने ते सांगावे अशी सोयही ठेवीत नाही.

येथे आम्हांस तितक्याच मोठ्या अक्षरांत दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे. हा लेख वाचून कोणीही, कोणत्याही परिस्थितीत, आपली किंवा आपल्या मुलीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आज रात्रीची गोळी आज रात्री घ्यावी. अपस्माराचे औषध एकाएकी थांबविले तर झटक्यांमागून झटके येऊन जीव जाऊ शकतो. रात्री झोपेत, कोणी जवळ नसताना, ह्या आजाराचे रुग्ण अकस्मात दगावतात तेही बहुधा झटके आटोक्यात नसतानाच. गर्भवती स्त्रीचा झटका हा तिच्या एकटीचा नसतो. ती पडते, तिचा श्वास कोंडतो, आणि पोटातील जिवालाही ते सोसावे लागते. औषध बदलावयाचे असले तर ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, सावकाश, आठवड्यांच्या हिशेबाने, आणि गर्भ राहण्याच्या पुष्कळ आधी बदलावयाचे असते. काही जणींना व्हॅल्प्रोएटवाचून गत्यंतर नसते, हेही खरे. दुसरी औषधे देऊन पाहिली, झटके थांबत नाहीत, अशा स्त्रीने काय करावे? कमीत कमी मात्रा घेऊन धोका पत्करावा, की मूल होऊ देऊ नये, की दत्तक घ्यावे, हा निर्णय अत्यंत कठीण आहे, आणि तो घेण्याचा अधिकार तिचा व तिच्या पतीचा आहे. परंतु निर्णय घेण्यासाठी निर्णयाचा प्रश्न समोर आहे हे आधी कळावे लागते. आज ते कळत नाही. अपस्मार असलेल्या दहांपैकी नऊ वा अधिक स्त्रियांना निकोप मुले होतात, ही आनंदाची बातमीही तिला कोणी सांगत नाही. आणि बाळंत झाल्यावर ‘अंगावर पाजू नकोस, दूध विषारी आहे’ असे मात्र शेजारीण येऊन सांगते, जे बहुतेक सर्व बाबतींत खोटे असते.

दुसरी औषधे निर्दोष आहेत असेही आम्ही म्हणत नाही. लॅमोट्रिजिनने अंगावर घातक पुरळ उठू शकते, म्हणून ते फार हळू वाढवावे लागते. गर्भारपणात त्याचे रक्तातील प्रमाण घसरते, आणि काही गर्भनिरोधक गोळ्यांनीही घसरते. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन व फेनोबार्बिटोन ही उलट गर्भनिरोधक गोळीलाच निकामी करू शकतात, ही गोष्ट किती नवविवाहितांना ठाऊक असेल? खुद्द व्हॅल्प्रोएटचे इतरही उपद्रव आहेत. वजन वाढते, केस गळतात, हात थरथरतात, पाळी अनियमित होते. क्वचित यकृत निकामी होते. हा धोका दोन वर्षांखालील आणि एकाहून अधिक औषधे घेणाऱ्या बालकांत विशेष असतो व पहिल्या सहा महिन्यांत अधिक असतो. म्हणून औषध सुरू केल्यावर मूल सुस्त पडले, ओकाऱ्या करू लागले, कावीळ दिसली, किंवा थांबलेले झटके पुन्हा वाढले, तर रक्ततपासणीसाठी त्याच दिवशी न्यावे. पोटात असह्य कळ आली तर स्वादुपिंडाचा दाह असू शकतो.

मग करावयाचे काय? बंदी घाला, असे म्हणणे सोपे आहे आणि ते चुकीचे आहे. हे औषध सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे व तेथेच ते असावयास हवे; एका लहान मुलाला, एका वृद्धाला, सर्वांगाचे झटके येणाऱ्या किती तरी रुग्णांना ते जीवदान देते. आमची मागणी निराळी आहे. ह्या औषधाच्या प्रत्येक खोक्यावर, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक पट्टीच्या पाठीवर, गर्भवतीचे चित्र व त्यावर फुली, आणि त्या त्या राज्याच्या भाषेत दोन ओळी छापल्या जाव्यात: मूल होण्याच्या वयात डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका, आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना चित्र कळते. पट्टी कापून विकण्याची चाल ह्या औषधापुरती तरी थांबविली पाहिजे. ब्रिटनमध्ये २०२३ च्या ऑक्टोबरपासून ते उत्पादकाच्या मूळ, न उघडलेल्या खोक्यातच देण्याचे बंधन औषधविक्रेत्यांवर आले आहे. आपल्याकडे महिन्याचे पूर्ण खोके परवडत नाही अशी अडचण सांगितली जाईल आणि ती खोटी नाही. तर मग लहान खोकी काढा, पण कागद खोक्याबरोबर घरी जाऊ द्या.

रुग्णालयांसाठी ह्याहून साधी गोष्ट आहे. दहा वर्षांवरील मुलीला हे औषध लिहून देताना तिच्या कागदावर एक शिक्का उठवावा आणि तिच्या आईला पाच मिनिटे समोर बसवावे. ती पाच मिनिटे डॉक्टरांकडे नसतील तर परिचारिकेकडे द्यावीत. गर्भवतीच्या नोंदणीच्या वेळी, आणि त्याच्याही आधी नवविवाहितांच्या घरी जाणाऱ्या आशा सेविकेने, ‘फिटची गोळी घेता का?’ हा प्रश्न सासूच्या गैरहजेरीत, एकटीला, विचारावा. केरळमध्ये तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गर्भवतींची नोंदवही ठेवली जात आहे. व्हॅल्प्रोएटचा धोका आपल्याच देशातील मातांच्या त्या नोंदींतही दिसून आला आहे. केरळला जे पंचवीस वर्षांपूर्वी सुचले ते महाराष्ट्राला आज तरी सुचावे. वैद्यकीय महाविद्यालये, मेंदूतज्ज्ञ आणि मोठमोठी प्रसूतिगृहे ह्यांचा आपल्याकडे तुटवडा नाही. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीसाठी २०१० पासून देशव्यापी योजना आहे, गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग ती चालवितो, आणि डॉक्टरच नव्हे तर रुग्णही तेथे तक्रार नोंदवू शकतो. दुभंगलेल्या पाठकण्याचे मूल जन्मले तर त्याच्या आईने कोणती गोळी घेतली होती, हे विचारून त्या योजनेकडे कळविण्याची शिस्त प्रत्येक प्रसूतिगृहाने लावून घ्यावी.

काही डॉक्टर मित्र आम्हांला म्हणतील, की असे लेख लिहून तुम्ही रुग्णांना भेडसावता. उद्या दहा बायका गोळ्या फेकून देतील आणि त्यांचे झटके आम्हांला निस्तरावे लागतील. ह्या आक्षेपाचे वजन आम्ही जाणतो आणि त्यासाठीच वर इतके बजावून लिहिले. परंतु १९७३ मध्ये त्या समितीने हेच म्हटले होते. स्त्री घाबरेल म्हणून तिला सांगावयाचे नाही, आणि पुढे तिला जे मूल सांभाळावे लागेल त्याच्या भीतीचा हिशेब मांडावयाचाच नाही, हा कोठला न्याय? शिवाय अर्धवट ऐकीव माहितीने माणसे गोळ्या फेकतात. ज्याला बसवून नीट सांगितले तो रुग्ण सहसा फेकीत नाही. डॉक्टरांनी सांगितले तर वृत्तपत्राला सांगण्याची पाळी येणार नाही.

पुरुषांविषयीही दोन शब्द. गर्भधारणेपूर्वीच्या तीन महिन्यांत पित्याने हे औषध घेतले असल्यास मुलाच्या वाढीवर काही परिणाम होतो की काय, हा प्रश्न स्कँडिनेव्हियातील नोंदींवरून पुढे आला आणि युरोपच्या औषध-नियंत्रकांनी २०२४ मध्ये सावधगिरीचा सल्ला दिला. नंतरच्या एका डॅनिश अभ्यासात तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे हा मुद्दा वादातला आहे. मातेच्या बाबतीत वाद उरलेला नाही. तरीही मूल हवे असणाऱ्या पुरुषाने हा विषय आपल्या डॉक्टरांकडे काढावा. निदान एवढ्यामुळे तरी गोळीचा प्रश्न हा केवळ सुनेचा प्रश्न राहणार नाही.

ज्या घरात ह्या गोळीची पट्टी आहे त्या घरातील वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे. ह्या आठवड्यात पट्टी हातात घ्या, तीवरील नाव वाचा. बाजारातील नाव काहीही असले तरी खाली बारीक अक्षरांत सोडियम व्हॅल्प्रोएट, व्हॅल्प्रोइक आम्ल किंवा डायव्हॅल्प्रोएक्स असे असेल. अर्धशिशी व मनोविकार ह्यांसाठीही हेच औषध देतात, हे विसरू नका. नाव जुळले तर मुलीला किंवा सुनेला घेऊन तज्ज्ञाकडे जा. हे औषध मला अजून लागतेच का, त्याऐवजी दुसरे चालेल का, मात्रा कमी होईल का, आणि बदल पुरा व्हावयास किती महिने लागतील, हे तिला विचारू द्या. त्या वेळी आपण खोलीबाहेर थांबलात तर अधिक बरे. तोवर गोळी चालू राहील, आणि ती साड्यांच्या घडीत लपविण्याचे कारण त्या घरात उरणार नाही, एवढी व्यवस्था आपल्याच हातची आहे.